अंगात आला की अंग झाला?

कुपी फोडताना घाई चालत नाही. वाळूच्या भांड्यात दीड दिवस तापलेली ती काचेची बाटली आपली आपण गार व्हावी लागते; वैद्य त्याला ‘स्वांगशीत’ म्हणतात. मग बाटलीवरची सात फेरांची कापडमाती चाकूने खरवडायची, रॉकेलात भिजवलेला सुताचा दोरा मध्यावर गुंडाळून पेटवायचा आणि दोरा जळून संपताच ओला फडका टेकवायचा. टक् असा बारीकसा आवाज होतो आणि कुपीचे दोन तुकडे पडतात. नगरच्या ज्या जुन्या वैद्यांकडे मी हे पाहिले त्यांनी तळाचा तुकडा बाजूला सारला आणि मान तेवढी माझ्या हातात दिली. गळ्याच्या आतल्या अंगाला तपकिरी-लाल, चकाकणारा जाड थर बसला होता. त्यांनी तो खरवडून खलात घेतला, बत्त्याचे चार हात फिरवले, आणि कुंकू पसरावे तसा लाल रंग खलभर झाला. याचे नाव रससिंदूर.

कुपीत गेले होते ते मात्र काळे होते. पारा आणि गंधक कोरडेच खलात घोटत बसले की पाऱ्याचे चमकते मणी फुटत फुटत नाहीसे होतात आणि काजळासारखी भुकटी उरते, ती कज्जली. उन्हात धरून पाहायचे, एकही ठिपका चमकता कामा नये. चमक गेली की ती ‘निश्चंद्र’ झाली. वैद्यबुवांची भाषा मला त्या दिवशी प्रथमच नीट ऐकू आली. पारा आधी ‘मूर्च्छित’ करायचा, मग त्याचे ‘उत्थापन’, पुढे ‘पातन’. धातूंना तर सरळ ‘मारायचे’च. मेलेला तो धातू औषध; जिवंत असेल तो विष. “खाली मेला तो वर गळ्याशी उठून बसलाय बघा,” ते म्हणाले आणि सिंदूर कागदावर झटकून तराजूत टाकू लागले. आपण काही विशेष बोललो असे त्यांच्या गावीही नव्हते.

या पुस्तकाचा विषय त्या वाक्यात आहे. युरोपात सोळाव्या आणि सतराव्या शतकात अनेक माणसे अशीच भट्टीपुढे बसून काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे लाल होताना पाहत होती. त्यांनाही वाटत होते की पदार्थ मरतो, कुजतो, धुतला जातो आणि वेगळ्या तेजाने उठतो. फरक इतकाच की ती माणसे ख्रिस्ती होती, रविवारी चर्चला जात होती, आणि मरून उठलेल्या एका देहाची गोष्ट त्यांना लहानपणापासून पाठ होती. भट्टीतली गोष्ट आणि देवळातली गोष्ट त्यांच्या मनात एकमेकींत मिसळल्या. देवाने देह घेतला म्हणजे नेमके काय झाले, या जुन्या प्रश्नाला त्यांनी धातुविद्येच्या भाषेत उत्तर शोधले. ते उत्तर काय होते, चर्चला ते का पचले नाही, आणि तोच प्रश्न आमच्या नगर जिल्ह्यात मराठीत विचारला गेला तेव्हा त्याला कुठले शब्द मिळाले, हे सांगण्याचा हा खटाटोप आहे.

विषय ऐकून दोन मित्रांनी दोन प्रकारे कपाळाला आठ्या घातल्या. एक पाद्री; ते म्हणाले, “किमयागार आणि प्रभू एका ओळीत कशाला?” दुसरे रसशास्त्र शिकवणारे, त्यांना आमचा पारा परक्यांच्या पंगतीत बसलेला आवडला नाही. दोघांनाही सांगायचे ते हे की ‘किमया’ हा शब्दच मुळात पंगत मोडून आलेला आहे. अरबी ‘कीमिया’ फारसीतून मराठीत आला आणि आपण त्याची जादू केली. तोच शब्द ‘अल्’ हे अरबी उपपद घेऊन स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने युरोपात गेला. एकच शब्द दोन दिशांना निघाला आणि दोन्हीकडे घर करून राहिला.

युरोपची बाजू आधी थोडक्यात सांगतो. परीस आणि ख्रिस्त यांची तुलना मध्ययुगातच सुरू झाली होती. पण ती अंगात मुरली ती छापखाना आल्यावर. १५५० साली फ्रँकफुर्टला ‘रोझारियम फिलॉसोफोरम’ हे किमयेचे पुस्तक छापले गेले. त्यात राजा-राणीचा संयोग, त्यांचा एकत्र मृत्यू, जिवाचे उडून जाणे आणि परतणे, अशी लाकडी ठशांची चित्रे आहेत. आणि शेवटच्या चित्रात कबरीतून उठणारा ख्रिस्त. पुस्तक भट्टीचे, शेवट ईस्टरचा. मार्टिन ल्यूथर हा काही गूढात रमणारा माणूस नव्हे, पण जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांत त्यानेही किमयेची स्तुती केली, कारण तिच्यात त्याला अखेरच्या दिवशी मृतांच्या उठण्याचा दृष्टान्त दिसला. हाइनरिख कूनराट याने पुढचे पाऊल टाकले: माणूस नावाच्या छोट्या जगाचा तारणारा ख्रिस्त, तर सृष्टी नावाच्या मोठ्या जगाचा तारणारा परीस. दोघांना त्याने भावंडांसारखे शेजारी उभे केले.

इथपर्यंत ही उपमाच आहे. पण पॅरासेल्ससपासून (१४९३–१५४१) उपमा हाताबाहेर गेली. हा स्विस वैद्य खाणींत फिरलेला, धातूंची औषधे देणारा, भांडखोर, आणि रात्री जागून धर्मशास्त्रावर लिहिणारा. गंधक, पारा आणि मीठ या तिघांतून सगळे पदार्थ होतात असे तो म्हणे, आणि या त्रयीत त्याला देवाच्या त्रैक्याचा ठसा दिसे. देहाविषयी त्याचे म्हणणे असे की माणसाला एक मांस आदामाकडून मिळते. ते मातीचे, मातीत जाणारे. दुसरे मांस ख्रिस्ताकडून, नव्या जन्मातून मिळते, आणि स्वर्गात जायचे ते याच मांसाने. म्हणजे तारण ही आत्म्याची सुटका नव्हे, तर देहाचा कस बदलणे होय. त्याच शतकात कास्पार श्वेंकफेल्ड ख्रिस्ताच्या स्वर्गीय, दिव्य होत गेलेल्या देहाबद्दल लिहीत होता. पुढे व्हालेंटिन वायगेल या पाद्र्याने तर ख्रिस्ताला दोन देह मानले, एक मरियेकडून आलेला आणि एक वरून. हे लिखाण त्याने आयुष्यभर पेटीत ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर ते बाहेर आले आणि मग गदारोळ झाला.

गदारोळ का, हे समजून घेतले पाहिजे. नाहीतर हा सगळा शब्दांचा कीस वाटेल. इ.स. ४५१ मध्ये खाल्सेदोन इथे भरलेल्या धर्मसभेने ठरवून टाकले होते की ख्रिस्तात देवपण आणि माणूसपण दोन्ही पूर्ण आहेत. ती एकमेकांत विरघळत नाहीत, बदलत नाहीत, आणि त्यांची फाळणीही होत नाही. सोळाव्या शतकातले हे धातुवेडे धर्मचिंतक नेमके तिथेच बोट ठेवत होते. त्यांच्या मते काहीतरी बदलते. तांबे सोन्याशेजारी बसून सोने होत नाही. त्याच्या आत काहीतरी शिरावे लागते, त्याला रंग चढावा लागतो. ‘टिंक्चर’ हा त्यांचा आवडता शब्द. आपण जखमेवर लावतो त्या टिंक्चर आयोडीनमध्ये तो आजही जिवंत आहे. पण ख्रिस्ताचे मांस वरूनच आलेले असेल, आपल्या मातीचे नसेलच, तर ते आपल्या मांसाला बरे कसे करणार? चर्चचा हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. धातू एकाच खाणीतला असावा लागतो.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो गोर्लिट्झ गावचा चांभार याकोब बोमं (१५७५–१६२४). तो काही भट्टीवर बसलेला नव्हता. त्याच्या चरित्रकाराने सांगितलेली गोष्ट अशी की १६०० साली घरात बसला असताना कथलाच्या ताटलीवर ऊन पडून जी चमक उठली तिने त्याचे डोळे दिपले आणि वस्तूंच्या पोटातले त्याला दिसू लागले. कल्हईवाल्याच्या आळीत वाढलेल्या कुणालाही ती चमक ओळखीची आहे. मळकट भांडे, नवसागराचा धूर, कापसाचा बोळा फिरतो आणि क्षणात चंद्र उगवतो. बोमंने आपले पहिले पुस्तक १६१२ साली लिहिले, आणि गावच्या पाद्र्याने त्याला लिहिण्याची बंदी घातली. काही वर्षे त्याने ती पाळली, मग मोडली. नंतरच्या पुस्तकांत त्याने ख्रिस्ताचा जन्म, मोह, वध आणि उठणे हे सारे भट्टीतल्या क्रियांच्या क्रमाने लावले. देवाच्या तेजालाही अंग असते, तेज अंगाशिवाय उघडच होत नाही, असे हा चांभार म्हणतो. कातड्यात हात घालून जगलेल्या माणसाला हे सुचावे यात मला नवल वाटत नाही.

विसाव्या शतकात कार्ल युंग यांनी १९४४ सालच्या आपल्या ग्रंथात परीस आणि ख्रिस्त यांच्या या साम्यावर मोठे प्रकरण लिहिले आणि सगळे मनाच्या आत नेऊन बसवले. युंग यांचे ऋण मान्य आहे. पण त्या वाटेने हे पुस्तक जात नाही. बोमंला मनाबद्दल नव्हे, अंगाबद्दल बोलायचे होते.

आता नगरकडे येतो. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. पण बोलण्यात आमचे ‘नगर’ सुटत नाही, ते तसेच राहू दे. नेवाशाच्या कुणा योग्याचा गोर्लिट्झच्या चांभाराशी संबंध जोडण्याचा माझा विचार नाही. प्रश्न सारखा असला की शब्द किती वेगळे निघतात एवढेच पाहायचे आहे, आणि त्यासाठी या जिल्ह्याइतकी सोयीची जागा मला माहीत नाही. देह दिव्य कसा होतो, यावर सातशे वर्षे इथे मराठीत विचार चालू आहे.

नेवाशापासून सुरुवात करू. प्रवरेकाठी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगून झाली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो खांब आजही लोक हात लावून पाहतात. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात देवाच्या जन्माचा प्रश्न येतो. अजन्मा जन्मला कसा? ज्ञानदेव आरशाचा दृष्टान्त देतात. आरशामुळे एकच वस्तू दोन दिसते. म्हणून दुसरी वस्तू खरेच झाली असे नाही. देव देह घेतो तो असा: दिसण्यापुरता, मायेच्या आधाराने. पण सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन सुरू झाले की हेच ज्ञानदेव वेगळ्या आवाजात बोलतात. तिथे शक्ती योग्याच्या देहातले सगळे खाऊन टाकते, जुनी कातडी गळते, कांती सोन्यासारखी होते, दात हिऱ्यांच्या रांगेसारखे नवे येतात. देहानेच देहाला गिळायचे हा नाथांचा गुह्य संकेत म्हणून ते सांगतात. हे आरशातले प्रतिबिंब नव्हे. ही भट्टी आहे.

एकाच ग्रंथातला हा फरक माझ्या लक्षात फार उशिरा आला, आणि आल्यावर मी दोन्ही अध्याय पुन्हा काढून बसलो. देव खाली उतरतो तेव्हा आरसा. माणूस वर चढतो तेव्हा मूस. उतरणाऱ्याला काही होत नाही, चढणाऱ्याचे सगळे जळते. युरोपातल्या किमयागारांनी जे धाडस केले ते हे की मुशीत त्यांनी उतरणाऱ्यालाच घातले.

सहाव्या अध्यायामागे जी परंपरा आहे ती नगरच्या पूर्वेला गर्भगिरीच्या डोंगरात पसरलेली आहे. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी. होळी ते पाडवा यात्रा आणि गाढवांचा बाजार. पलीकडे सावरगावाजवळ मायंबाला मच्छिंद्रनाथ. धुंडिसुत मालू यांच्या १८१९ सालच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीमुळे घरोघर गेलेली कथा या डोंगराला चिकटलेली आहे. स्त्रीराज्यातून परतताना मच्छिंद्रनाथांच्या झोळीत सोन्याची वीट होती. गोरखनाथांनी ती वाटेत फेकून दिली आणि झोळीत दगड भरला. गुरू हळहळले तेव्हा शिष्याने अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवला. पायथ्याची माणसे ही कथा जरा रांगडेपणाने सांगतात: गोरख डोंगरावर लघवीला बसला आणि डोंगर पिवळा झाला. हसू नका. सिद्धाच्या अंगातून जे बाहेर पडते तेच रसायन, अंग हाच परीस, असे ही कथा म्हणते. रसशास्त्रात याला दोन वेध म्हणतात: लोहवेध आणि देहवेध. धातूवर सिद्ध झालेला पारा मगच माणसावर वापरायचा. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्व दर्शनांचा संग्रह केला त्यात रसेश्वरदर्शन म्हणून एक प्रकरण आहे. मुक्ती मेल्यावर नको, जिवंतपणी हवी. आणि त्यासाठी टिकणारा देह हवा, तो पाऱ्याने मिळतो, असा त्याचा युक्तिवाद. पारा हे शिवाचे वीर्य मानले जाते. देवाचे द्रव्य, जड धातूच्या रूपात, वैद्याच्या खलात. बोमंला हे कळले असते तर तो उठून बसला असता.

पुणतांब्याला चांगदेवांचे स्थान आहे. चौदाशे वर्षे देह राखून ठेवलेला हा योगी. काळ आला की त्याला चुकवायचा, हीच त्यांची विद्या. त्यांना पोरसवदा ज्ञानदेवांनी ज्या पासष्ट ओव्या धाडल्या, त्यांत एक दृष्टान्त सोन्याचा आहे: सोन्याचे सोनेपण तिळभरही उणे न होता त्याचा दागिना होतो. चौदाशे वर्षे देह टिकवणाऱ्याला हे पाठवण्यात मिश्कीलपणा आहे. खाल्सेदोनच्या सभेतल्या धर्मगुरूंनी हा दृष्टान्त दोन्ही हातांनी उचलला असता, निदान अर्धा. देवपण न बदलता देवाने आकार घेतला, इथपर्यंत जुळते. पण दागिना वितळवला की आकार जातो आणि सोने उरते. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की आकार जात नाही. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातावर खिळ्यांच्या खुणा असतात. घाट मोडून सोने घेणाऱ्या सोनाराला ही गोष्ट पटायची नाही.

नगरहून गोव्याची वाट सोळाव्या शतकात वाटते तितकी परकी नव्हती. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा नगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी उपचाराला येई, आणि १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींच्या पुस्तकात त्याने शहाच्या आठवणी लिहिल्या. तो किमयागार नव्हता. जुन्या ग्रीक-अरबी वैद्यकात मुरलेला, डोळस माणूस. १५६८ साली तो वारला. तो मूळच्या ज्यू घराण्यातला. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा ठपका ठेवून धर्मन्यायसभेने १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. देहाचे पुनरुत्थान मानणाऱ्यांनी हाडांवर सूड उगवावा, हे भयंकर आहेच, पण त्यात एक तर्कही आहे: देह ज्यांना क्षुल्लक वाटतो ते हाडे जाळून शिक्षा देत नाहीत.

त्याच्या आदल्याच वर्षी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला होता. पुढे साष्टीत राहून तो मराठी शिकला, तिच्यावर इतका लुब्ध झाला की दगडांतले रत्न आणि फुलांतली मोगरी म्हणून तिचे गोडवे गायला, आणि १६१६ साली रायतूरला त्याचे ख्रिस्तपुराण छापून निघाले: दोन भाग, सुमारे अकरा हजार ओव्या, अक्षरे रोमन पण भाषा आणि छंद आपले. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. त्याच १६१६ साली स्ट्रासबुर्गला ‘रासायनिक विवाह’ हे पुस्तक निनावी प्रसिद्ध झाले. ते योहान व्हालेंटिन आंद्रेए या तरुण ल्यूथरपंथीयाचे. त्यात राजाराणीचा शिरच्छेद होतो, त्यांच्या देहांचे रसायन होते आणि त्यातून ते पुन्हा जिवंत होतात. एकाच वर्षी, दोन टोकांना, ख्रिस्ती माणसे देहाची गोष्ट दोन उसन्या भाषांत सांगत होती. एकाने भट्टीची भाषा उसनी घेतली, दुसऱ्याने पुराणाची. मला स्टीफन्सचा सौदा जास्त फायद्याचा वाटतो. पुराणाला ऐकणारा लागतो, भट्टीला फक्त दार लावून घेतलेला एकटा माणूस.

नगरमध्ये ख्रिस्ती मराठी आली ती दोनशे वर्षांनी आणि वेगळ्या वाटेने. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली इथे ठाणे केले. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथूनच निघाला. इथे मंडळीत आले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले लोक, आणि त्यामुळे धातूच्या उपमांना एकदम वेगळी धार आली. परीस लोखंडाला लागला की सोने, हे आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकतो. पण ‘लागणे’ या शब्दाचा अर्थ ज्या गावात विहिरीच्या काठावर ठरत होता, तिथे परीस हा नुसता दृष्टान्त कसा राहील? स्पर्शाने विटाळ होतो हे शास्त्र, आणि स्पर्शाने सोने होते हे कीर्तन. दोन्ही एकाच वेशीच्या आत. प्रभुभोजनाच्या मेजावर एकाच पेल्यातून ब्राह्मण आणि महार यांनी पिणे, ही नगरच्या पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांची खरी किमया होती, आणि भट्टीपेक्षा अवघड. पोटातून ढवळून येणे काय असते हे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त जितक्या निर्मळपणे लिहिले आहे तितके कुठल्याही धर्मशास्त्रज्ञाला जमलेले नाही. सोवळेपणा त्यांच्या अंगात होता. तो डोक्याने नव्हे, अंगानेच सुटावा लागला.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, पण त्यांचा ख्रिस्ती संसार घडला तो नगर-राहुरीत. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे पोचलेला हा कवी. परीस, मूस, कस हे सगळे शब्द त्याच्या हाताशी होते. मी या पुस्तकाला हात घातला तेव्हा माझी खात्री होती की टिळकांच्या अभंगांत मला मराठी बोमं सापडणार. तो सापडला नाही. टिळक ख्रिस्ताला सर्वांत आपलेपणाने हाक मारतात ती गुरुमाउली म्हणून. वारकऱ्यांनी ज्ञानोबांना जे नाव दिले तेच उचलून त्यांनी ख्रिस्ताला दिले, आणि धातूंची सगळी कपाटे बंद राहिली. आधी मी निराश झालो. मग वाटले की उत्तर इथेच आहे. माउली आपल्या अंगाचे दूध करते. तिच्या देहाचे लेकरासाठी अन्न होते, आणि त्यासाठी तिला मरून उठावे लागत नाही की आरशात दिसावे लागत नाही. देवाचे अंग आपल्या अंगात कसे मिसळते, या प्रश्नाला युरोपने दोनशे वर्षे मुशी तापवल्या. टिळकांनी तो प्रश्न पदराखाली घेतला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. १९१९ मध्ये ते गेले, आणि उरलेले बहुतेक काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्यांना लिहिता येणे हेच मोठे नवल मानले गेले होते त्यांनी.

आता या पुस्तकातल्या एका शब्दाबद्दल, कारण त्यावर मुद्रितशोधकाशी माझे भांडण झाले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात शब्दाने मनुष्यदेह धारण केल्याचे जे वाक्य आहे, तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ आहे, म्हणजे सरळ मांस. मराठी बायबलात तिथे ‘देही’ आहे. शब्द सुंदर आहे, खानदानी आहे, आणि गीता वाचलेल्याला तो नेमका उलटा ऐकू येतो. गीतेत देही म्हणजे देहात राहणारा, देहाहून निराळा; जुने वस्त्र टाकून नवे घेणारा. भाषांतरकारांनी वाईट केले असे मी म्हणणार नाही. ‘मांस झाला’ असे लिहिले असते तर अर्ध्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे खाटकाचे दुकान आले असते. पण पॅरासेल्ससला आणि बोमंला जे सांगायचे होते ते नेमके त्या दुकानापाशीच होते. मी जिथे जिथे ‘मांस’ लिहिले तिथे तिथे मुद्रितशोधकाने पेन्सिलीने ‘देह?’ असे लिहून पाठवले. मी ‘मांस’ ठेवले आहे. वाचकाला खटकेल, खटकू दे.

हे भांडण मी एकदा श्रीरामपूरजवळ हरेगावला बोलून दाखवले. सप्टेंबरातली मतमाउलीची यात्रा होती, पाऊस भुरभुरत होता, आणि शेडखाली माझ्या शेजारी एक म्हातारी मेणबत्त्यांचा पुडा पदरात झाकून बसली होती. शेजारच्या तरुणाला मी देही आणि मांस यांतला फरक समजावून सांगत होतो, बहुधा फार वेळ. म्हातारीने दोनदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, “दादा, येवढं कशाला? देव त्याच्या अंगात आला व्हता, का देव अंग झाला व्हता, त्येवढं सांगा.”

अंगात येणे काय असते ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हलगी वाजते, केस सुटतात, देव येतो, बोलतो आणि जातो. माणूस घामाघूम होऊन पाणी मागतो आणि त्याला काही आठवत नाही. मी म्हणालो, “अंग झाला, असं म्हणतात.”

“मग त्याला दुखलं आसंल,” म्हातारी म्हणाली, आणि पाऊस उघडला तसा पुडा सावरत मेणबत्त्या लावायला उठली.